डिसेंबरातलं नागपूर आणि एका पानाचं निवेदन

(दृश्य : सिव्हिल लाइन्स, आमदार निवास. सकाळचे आठ. जिन्यावर माणसं.)

हिवाळी अधिवेशन लागलं की आमदार निवासाचा जिना सकाळी आठलाच भरून जातो. कोणी गोंदियाहून रात्रीच्या गाडीनं आलंय, कोणी हिंगण्याहून मोटरसायकलवर. कानाला मफलर, काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये एक कागद. त्यालाच सगळे निवेदन म्हणतात.

या कागदाचा पुढचा प्रवास बराचसा तो कसा लिहिलाय यावर ठरतो. आमदाराची मर्जी, पक्ष, ओळखपाळख हे सगळं नंतर.

(दृश्य : विधानभवनाचं प्रवेशद्वार, पोलिसांचे कठडे.)

१९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. सरकारनं दरवर्षी काही काळ नागपुरात यावं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं भरावं, असं त्यात ठरलं. राजधानीचा मान गेला, डिसेंबर नागपूरकडे राहिला. करोनामुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली.

मात्र हा डिसेंबर फार तोकडा असतो. २०२३ ला अधिवेशन ७ ते २० डिसेंबर चाललं, २०२४ ला १६ ते २१. विधानसभेत २८८ सदस्य, विधान परिषदेत ७८. कामकाजाच्या दिवसांना या आकड्यांनी भागून पाहा, एका आमदाराच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते कळेल. त्यामुळे कोणता विषय कोणत्या आयुधानं, म्हणजे प्रश्न, लक्षवेधी अशा कोणत्या मार्गानं मांडायचा, हा आमदाराच्या वर्षअखेरीचा खरा निर्णय असतो.

(दृश्य : छापील कामकाजपत्रिका, जवळून. प्रश्नांपुढे तारांकन.)

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला उत्तर फक्त लेखी. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते. म्हणूनच डिसेंबरात जिन्यावर येऊन ‘साहेब, आमचा प्रश्न लावा’ म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. प्रश्नासाठीचा कागद दिवाळीच्या आधीच पोहोचायला हवा.

अधिवेशन सुरू झाल्यावर कामी येते ती लक्षवेधी. विधानसभेच्या नियम १०५ खालची ही सूचना तातडीच्या सार्वजनिक विषयावर असते. ती स्वीकारायची की नाही, हे अध्यक्ष ठरवतात. सूचना भरपूर येतात, लागतात मोजक्या. एका गल्लीचा नळ लक्षवेधीत बसत नाही. तोच नळ शहराच्या पाणीपुरवठा योजनेतल्या दिरंगाईचा पुरावा म्हणून आला, तर बसू शकतो. ज्यांच्याकडे असा पुरावा आहे, त्यांनी तो तारखांसकट द्यावा. मंत्र्यांच्या उत्तरावर उपप्रश्न विचारताना आमदाराच्या हातात तेवढंच असतं.

सभागृहात मंत्र्यांनी ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं. त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. नागरिकांसाठी विनंती अर्ज समितीही आहे, तिच्याकडे अर्ज सदस्यामार्फत जातो. हा रस्ता फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

(दृश्य : पुरवणी मागण्यांचं पुस्तक, रकमेच्या रकान्यावर बोट.)

अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात. त्यात आपल्या रस्त्याचं नाव दिसलं की गावात फटाके वाजतात. थोडं थांबा. कामाची अंदाजित किंमत वेगळी आणि या वर्षासाठी ठेवलेली तरतूद वेगळी. तरतुदीचा आकडा नाममात्र असेल, तर कामाचं खातं उघडलंय एवढंच समजावं. रस्ता त्या तरतुदीतून होणार नाही.

(दृश्य : जिल्हाधिकारी कार्यालय, नियोजन विभाग. फायलींचे गठ्ठे.)

आता आमदार निधी. २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. पैसा आमदाराच्या खात्यात येत नाही, आमदार फक्त काम सुचवतो. शिफारस पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं. मग महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद अंदाजपत्रक करते. त्यानंतर तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. डिसेंबर उजाडेपर्यंत पत्र गेलं नसेल, तर एवढ्या पायऱ्या चढायला उरतात चारच महिने. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सुरू न झालेली कामं तिथंच थांबतात.

काम सर्वात जास्त अडतं जागेवर. नागपूरच्या बाहेरच्या ले-आउटांत, म्हणजे भूखंड पाडून वसलेल्या वस्त्यांत, हे हमखास घडतं. रस्ता लोक वीस वर्षं वापरतात, पण तो कागदावर कोणाकडेच हस्तांतरित झालेला नसतो. प्रन्यास महापालिकेकडे बोट दाखवतं, महापालिका प्रन्यासकडे. खासगी जागेवर निधी खर्च करता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकच होत नाही. चूक आमदाराची नसते, अभियंत्याचीही नसते. सातबारा किंवा मंजूर नकाशा आधी काढला असता, तर हे सहा महिने आधीच कळलं असतं.

(दृश्य : दोन निवेदनं शेजारी शेजारी, टेबलावर.)

डावीकडचं निवेदन तीन पानी आहे. गडर (सांडपाण्याची नाली), दिवे, बगिचा, समाजभवन, बसथांबा, मोकाट कुत्री अशा सतरा मागण्या, खाली ‘समस्त नागरिक’. हे वाचून स्वीय सहायकानं कोणाला फोन करायचा? गडर एका खात्याची, दिवे दुसऱ्या, बस तिसऱ्या. कागद एकच, म्हणून तो एकाच फाइलला लागतो आणि सोळा मागण्या तिथंच बसतात.

उजवीकडचं एक पानी. विषय एका ओळीत : अमुक चौक ते अमुक शाळा, गडरलाइन बदलण्याबाबत. लांबी मीटरमध्ये, मोजपट्टीनं मोजलेली. जागा कोणाची, नकाशाच्या प्रतीसह. पूर्वीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक. चेंबर तुंबलेलं दिसेल असा दिवसाउजेडी काढलेला एक फोटो. दोन माणसांचे मोबाइल क्रमांक, म्हणजे अभियंता जागेवर आला की कोणी तरी भेटेल. एक काम, एक कागद, दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नये.

(दृश्य : टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट. मोर्चा.)

ज्यांचा विषय एका पानात मावत नाही, ते मोर्चा काढतात. मोर्चे टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवले जातात, मोजक्या लोकांचं शिष्टमंडळ आत नेलं जातं. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथून जवळच गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यात बाया होत्या, लेकरं होती. सीताबर्डीवरचं शहीद स्मारक आणि उड्डाणपुलाचं नाव त्यांचं आहे. डिसेंबरच्या गर्दीचा कोणताही बंदोबस्त आखताना हा आकडा समोर असायलाच हवा.

(दृश्य : मोहननगर, संध्याकाळ. अंगणात चांदणी बनतेय.)

सभागृह उठल्यावर आमदार वस्त्यांमध्ये असतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचं अभिवादन, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीचा महाप्रसाद, २० तारखेला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीची स्वच्छता मोहीम, मग नाताळ.

मोहननगरात, सदरमध्ये नाताळच्या आधी घरांवर चांदण्या लागतात. घरी केलेली चांदणी बघण्यासारखी असते. बांबूच्या दहा कामट्या, सारख्या लांबीच्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या दोऱ्यानं बांधायच्या, एकमेकींवर ठेवून टोकं जुळवायची, मध्ये पाच आडव्या काड्या खोचून पोट फुगवायचं. वरून पतंगी कागद, मैद्याच्या खळीनं. खळ जास्त झाली की कागद वाळताना ताणतो आणि टोकाशी फाटतो. आत एलईडी बल्ब. जुना पिवळा तापून कागदाला धोका करतो.

२४ च्या रात्री एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) कॅथेड्रलला मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी घरंच्या घरं पायी निघतात, म्हाताऱ्या बायका, कडेवर मुलं. त्या वाटेवरचा बंद दिवा ही नाताळची सर्वात साधी मागणी. पण ती आमदार निधीची नव्हे. असलेला दिवा दुरुस्त करणं महापालिकेच्या झोन कार्यालयाचं काम. खांबाचा क्रमांक लिहून पहिल्या आठवड्यातच तक्रार द्यावी. खांबच नसेल, तेव्हा निधी मागावा.

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. कोणते दिवस, हे जिल्ह्याची यादी सांगते. ती पोलीस ठाण्यात आधी पाहून घ्यावी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. रस्त्यावर मांडव असेल तर वाहतूक पोलीस आणि महापालिकेची परवानगी, विजेसाठी तात्पुरती जोडणी. खांबावर आकडा टाकून रोषणाई करू नये. दव पडतं, उघडे जोड ओले होतात आणि मंडपाच्या लोखंडी पाइपात वीज उतरते.

आणि व्यासपीठावर आमदाराच्या हातात निवेदन देऊ नका. तिथं तो कागद हार, शाल, स्मृतिचिन्ह यांच्याबरोबर गाडीच्या मागच्या सीटवर जातो. कार्यक्रम संपला की त्याला शंभर पावलं चालवत न्या, तुंबलेलं चेंबर दाखवा, तिथंच सांगा : अर्ज अमुक तारखेला दिलाय, हा आवक क्रमांक.

(दृश्य : जानेवारीची सकाळ. आमदार निवास बंद, जिना रिकामा.)

संक्रांतीपर्यंत सिव्हिल लाइन्स शांत झालेली असते. एक पानी निवेदन देणारी दोन माणसं आता जिल्हा नियोजन कार्यालयाच्या खिडकीशी उभी आहेत. शिक्का मारलेली प्रत पुढे सरकवून ते विचारतात, शिफारस पत्र आलं का, अंदाजपत्रक कोणत्या अभियंत्याकडे आहे. खिडकीतला कारकून आवक क्रमांक वाचतो आणि रजिस्टर उघडतो.