बालेवाडीचे नीलकंठ

बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. पुणे एफसी या फुटबॉल संघाचे आय-लीगमधील, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल साखळी स्पर्धेतील, सामने याच मैदानावर होत. मध्ये धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळाडूंपासून बरेच लांब बसत, आणि क्रिकेट सोडून पुणेकराने फुटबॉलला इतक्या दूर यावे, ही अपेक्षा तशी धाडसाचीच होती. जे येत, ते मधल्या फळीतल्या एका खेळाडूला हमखास ओळखत. ते म्हणजे अराता इझुमी.

इझुमी यांचा जन्म 1982 मध्ये जपानमधील शिमोनोसेकी येथे झाला. आई जपानी, तर वडील भारतीय. 2006 मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळू लागले, तिथून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये गेले आणि 2009 मध्ये पुण्यात आले. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखालील पुणे एफसी आय-लीगमधील आपल्या पहिल्याच मोसमात तिसऱ्या क्रमांकावर राहिला.

मधल्या फळीतल्या खेळाडूचे निम्मे काम दूरचित्रवाणीवर दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि हा खेळाडू चेंडू पुढे कुठे येईल तिकडे निघालेला असतो. चेंडू येण्यापूर्वी मान वळवून पाठीमागे कोण आहे ते पाहायचे, मगच पाय पुढे करायचा. ही एवढीशी हालचाल बालेवाडीच्या लांबच्या गॅलरीतून मात्र स्पष्ट दिसे.

कागदोपत्री इझुमी विदेशीच होते. संघाला मोजकेच विदेशी खेळाडू उतरवता येत आणि त्यांतली एक जागा त्यांच्यासाठी खर्ची पडे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओसीआय कार्ड राष्ट्रीय संघात चालत नाही. त्यासाठी भारतीय पासपोर्टच लागतो, आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिशी गाठलेल्या फुटबॉलपटूच्या हाती थोडीच वर्षे उरलेली असतात. तेवढ्यासाठी जपानचे नागरिकत्व सोडणे हा हिशेबाने आतबट्ट्याचाच व्यवहार होता, आणि 2012 मध्ये इझुमी यांनी तो केला. पासपोर्टवर त्यांचे नाव नीलकंठ खंबोलजा असे लागले. मैदानावर ते अराताच राहिले.

पुणे एफसीची एक विदेशी जागा त्यामुळे मोकळी झाली आणि 2012-13 च्या मोसमात संघ उपविजेता ठरला. दोन्हींचा थेट संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा, पण फायदा झाला नाही असेही म्हणवत नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात इझुमी प्रथमच भारताकडून खेळले. भारत तो सामना 4-2 असा हरला. जपानी वंशाचा खेळाडू भारतीय संघात येण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुणे एफसी 2015 नंतर उरला नाही. इझुमी इंडियन सुपर लीगमध्ये कोलकात्याकडून खेळले आणि 2016 मध्ये एफसी पुणे सिटीच्या गणवेशात पुन्हा बालेवाडीला आले. तो संघही 2019 मध्ये गुंडाळला गेला. खेळ थांबवल्यानंतर इझुमी रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत प्रशिक्षक झाले. फुटबॉलसाठी घर सोडून आलेल्या मुलांना ते चेंडू येण्याआधी मान वळवायला शिकवू लागले.