कपाटातले शेअर्स कुठे जातात?

हा कागद, म्हणजे जुनं शेअर सर्टिफिकेट, जरा जवळून बघा. वर कंपनीचं नाव, खाली डायरेक्टरच्या सह्या, फोलिओ नंबर म्हणजे कंपनीच्या वहीतला तुमचा खाते क्रमांक, आणि मागच्या बाजूला चौकटी, शेअर दुसऱ्याच्या नावावर झाला की तिथे नोंद व्हायची. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी मुंबईत एनएसडीएल ही शेअर्स कागदाऐवजी खात्यात ठेवणारी संस्था सुरू झाली, त्याआधी शेअर म्हणजे हाच कागद. कितीतरी घरांत असे कागद अजून एलआयसीच्या पॉलिसी आणि आजोबांच्या पासबुकांसोबत एकाच पिशवीत पडून आहेत, आणि घरच्यांना वाटतं, गेले ते पैसे, आता तर कंपनीचं नाव पण बदललंय.

गेलेले नाहीत!

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १२४ आहे. एखाद्या वर्षाचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो आयईपीएफ या सरकारी फंडात जातो, आणि सलग सात वर्षांचा डिव्हिडंड घेतला नाही तर शेअर्स पण तिकडेच जातात. त्याआधी कंपनीने तीन महिने अगोदर पत्र पाठवायचं, पेपरात जाहिरात द्यायची, वेबसाइटवर नावं टाकायची. पण पत्र जातं कुठे, तर १९९० साली फॉर्मवर लिहिलेल्या पत्त्यावर, आणि ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय, मग पत्र परत येतं आणि कंपनीच्या रेकॉर्डला नियम पाळल्याची नोंद होते. मला हे अजिबात पटत नाही. भागधारक हा कंपनीचा मालक आहे ना, मग त्याला शोधायला एका पत्रापेक्षा जास्त धडपड करायलाच हवी.

शेअर्स फंडात गेले की मतदानाचा हक्क गोठतो, पुढचा डिव्हिडंड आणि बोनस शेअर्स पण तिकडेच जमा होतात. मालकी मात्र तुमचीच राहते, आणि क्लेम करायला मुदत नाही.

खरी दमछाक कागदपत्रांत होते. सर्टिफिकेटवर नुसती इनिशियल्स, पॅनवर पूर्ण नाव, सही जुळत नाही, मूळ मालक वारलेला असेल तर वारसाचे दाखले, शिवाय डीमॅट अकाउंट, म्हणजे शेअर्स कागदाविना ठेवायचं खातं, पाहिजेच. म्हणून १ जून २०२५ ला पुण्यात झालेलं निवेशक शिविर मला फार महत्त्वाचं वाटतं, आयईपीएफ प्राधिकरण, शेअर बाजाराची नियामक सेबी आणि कंपन्यांच्या भागधारकांची नोंद ठेवणारे रजिस्ट्रार एकाच छताखाली आले, लोकांना समोरासमोर विचारता आलं. सेबीने पण १ एप्रिल २०१९ च्या आधी दिलेल्या आणि त्रुटी काढून परत आलेल्या ट्रान्सफर डीड, म्हणजे शेअर नावावर करून घ्यायचे फॉर्म, पुन्हा दाखल करायला ७ जुलै २०२५ ते ६ जानेवारी २०२६ अशी खास मुदत दिली. अशी शिबिरं तालुक्याच्या गावी पण व्हायला हवीत, कारण हे कागद काही फक्त पुण्या-मुंबईतच नाहीयेत.

आणि एक, टक्केवारी मागणाऱ्या एजंटच्या हातात मूळ सर्टिफिकेट देऊ नका. क्लेमचा आयईपीएफ-५ फॉर्म भरायला फी नाही. कंपनीच्या वेबसाइटवर नोडल ऑफिसरचा, म्हणजे हे क्लेम बघणाऱ्या अधिकाऱ्याचा ईमेल असतो, फोलिओ नंबर टाकून आधी त्यांनाच लिहा.