सिस्टीमला माल आहे, रॅकवर नाही

आज समोर वाणिज्य शाखेचे विद्यार्थी बसले आहेत आणि लहान कारखाने चालवणारी मंडळीही. विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात या विषयाचं नाव 'माहिती प्रणाली' असं आहे. कारखान्यात तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही, तिथे ती 'सिस्टीम': साठा, खरेदी, उत्पादन आणि हिशेब यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, गोव्यातलं वेर्णा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सिस्टीमला माल दाखवतोय, पण रॅकवर नाही." हे वाक्य कसं जन्माला येतं, एवढंच आज नीट समजून घेऊ. ते समजलं की बाकीचा विषय बराचसा हाताशी येतो.

या विषयाची सुरुवात एका बेकरीत झाली. लंडनची लायन्स ही चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी. धंद्याच्या कामासाठी तिने स्वतःचा संगणक बांधला, नाव ठेवलं 'लिओ'. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याला पहिलं नेमाचं काम दिलं ते बेकरीतल्या उत्पादनाच्या मूल्यांकनाचं: कुठे किती माल तयार झाला, त्याला काय लागलं, त्याची किंमत किती. म्हणजे प्रश्न आधी पक्का होता आणि यंत्र त्याच्यासाठी आणलं होतं. आपल्याकडे पुष्कळदा सॉफ्टवेअर आधी विकत घेतलं जातं आणि त्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे नंतर शोधलं जातं.

आता एक वस्तू घेऊ आणि शेवटपर्यंत तिच्याच मागे जाऊ. समजा, आपण पोलादी ब्रॅकेट बनवतो. एका ब्रॅकेटला ३०० बाय २०० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पत्र्याचा एक तुकडा लागतो. त्यात दोन बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या कड्या, बसतात, मग ब्रॅकेट पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची भुकटी चढवायला, बाहेर जातो आणि परत येतो. कुठल्या मालाला काय काय आणि किती लागतं, या यादीला कारखान्यात बीओएम (बिल ऑफ मटेरियल्स) म्हणतात. सगळी सिस्टीम या यादीच्या खांद्यावर उभी असते आणि पहिली चूकही इथेच होते.

चूक कोणती ते पाहा. तुकड्याचं वजन काढू. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरली तर तो तुकडा ०.९४२ किलोचा. बीओएम भरणारा माणूस साहजिकच हाच आकडा टाकतो. पण पत्रा येतो २५०० बाय १२५० च्या मापात. लांबीत ३०० चे ८ तुकडे बसतात, रुंदीत २०० चे ६, म्हणजे एका पत्र्यातून ४८. पत्र्याचं वजन ४९.०६ किलो. त्याला ४८ ने भागलं की एका तुकड्यामागे पत्रा खर्ची पडतो १.०२२ किलो. मधला ८० ग्रॅमचा फरक कातरण म्हणून भंगारात जातो. हजार ब्रॅकेटला ८० किलो पत्रा सिस्टीममध्ये शिल्लक दिसतो आणि प्रत्यक्षात तो भंगारवाल्याकडे पोचलेला असतो. इथे कुणी चोरी केलेली नाही, कुणी आळसही केलेला नाही. यादीत निव्वळ वजन लिहिलं, खर्ची पडणारं वजन लिहिलं नाही, एवढंच झालं. म्हणून बीओएम ऑफिसात बसून भरू नये. पत्रा कापणाऱ्या शिअरिंग मशीनवर काम करणाऱ्याला शेजारी बसवून भरावी.

आता ऑर्डर आली, ५०० ब्रॅकेटची. तयार माल ६० आहे, म्हणजे बनवायचे ४४०. त्यात सरासरी ३ टक्के नग बाद होतात, म्हणून ४४० ला ०.९७ ने भागायचं: ४५४. पुष्कळ जण इथे ४४० चे ३ टक्के काढून मिळवतात. आकडा जवळपास तोच येतो, पण बाद होण्याचं प्रमाण १०-१५ टक्क्यांवर गेलं की दोन्ही हिशेबांतलं अंतर दिसू लागतं. ४५४ तुकड्यांना पत्रे लागतील १०. बीओएममध्ये ०.९४२ लिहिलं असेल तर सिस्टीम ४२८ किलो, म्हणजे ९ पत्रे मागवेल. त्यातून निघतील ४३२ तुकडे. बावीस तुकड्यांसाठी मशीन थांबेल, आणि शिव्या खरेदी विभागाला बसतील.

बुश लागणार ९०८. सिस्टीम म्हणते ७०० आहेत. म्हणजे २०८ हवेत. पुरवठादार ५०० पेक्षा कमी देत नाही, म्हणून ५०० मागवले. वाटतं, चिंता मिटली. पण रॅकवर ३०० च होते. ३०० आणि ५०० मिळून ८००, कमी पडले १०८, म्हणजे ५४ ब्रॅकेट बुशविना पडून. हे कळतं कधी? जोडणीच्या टेबलावर शेवटचा डबा रिकामा झाल्यावर, बहुधा गाडी भरायच्या दिवशी.

मग ते ४०० बुश गेले कुठे? या प्रश्नाची उत्तरं सगळ्या कारखान्यांत सारखीच असतात. रात्रपाळीत स्टोअरला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे. त्याने माल काढला, चिठ्ठी सकाळी करू म्हणाला, ती राहिली. किंवा एक लॉट तपासणीत बाद झाला, लाल डब्यात गेला, पण सिस्टीममध्ये तो चांगल्या मालातच राहिला. किंवा, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, खरेदी किलोवर आणि वापर नगावर. समजा, एक बुश ४२ ग्रॅमचा आहे. मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूच्या मूळ नोंदीत, कुणीतरी सोपं म्हणून 'एक किलो म्हणजे २५ नग' असं टाकलं. शंभर किलो आले की सिस्टीम २५०० नग धरते, खरे असतात २३८१. दर खेपेला ११९ नग हवेत तयार होतात. चौथं कारण एकाच वस्तूचे तीन कोड. 'नट एम ८', 'एम-८ नट', '८ एमएम नट' असे तिघांनी तीन कोड उघडले की एकाचा साठा भरलेला, दुसऱ्याचा शून्य, आणि शून्य दिसतो म्हणून पुन्हा खरेदी. यावर उपाय एकच, नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यावा. काम थोडं अडेल. अडू द्यावं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मालकाला मोबाइलवर रंगीत आलेख हवे असतात, आणि सॉफ्टवेअर विकणारा तेच आधी दाखवतो. पण आलेखाखालचा प्रत्येक आकडा कुणीतरी गेटवर, काट्यावर, रॅकजवळ टाकलेला असतो. माल हलतो त्याच क्षणी, हलवणाऱ्याच्याच हातून, एकदाच नोंद व्हावी. संध्याकाळी आठवून केलेली नोंद ही आठवण असते. तीच गोष्ट आधी वहीत, मग एक्सेलमध्ये, मग सिस्टीममध्ये लिहिली जात असेल तर तीन ठिकाणी तीन आकडे होणारच, आणि भांडणाच्या वेळी प्रत्येक जण आपल्या सोयीचा पुढे करणार.

विद्यार्थ्यांसाठी थोडं गणित. एखाद्या वस्तूचा साठा बरोबर असण्याची शक्यता ९० टक्के आहे, असं धरा. ऐकायला बरं वाटतं. पण एका मालाला पाच वस्तू लागत असतील तर पाचही बरोबर असण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. दहातल्या चार वेळा काहीतरी कमी निघणार. तीच अचूकता ९८ टक्क्यांवर नेली तर पाचही बरोबर असण्याची शक्यता ९० टक्के होते. नियोजनाची सॉफ्टवेअरं नव्वद टक्क्यांवर का चालत नाहीत, त्याचं कारण हे आहे.

अचूकता वाढवायला मार्चअखेरची मोजणी उपयोगी पडत नाही. तेव्हा एका दिवसात सगळं मोजतात, फरक 'समायोजन' म्हणून मिटवतात, आणि फरक का पडला हे वर्षभराने कुणालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा रोज पाच-सात वस्तू मोजाव्या. किमतीने भारी असलेल्या वस्तू महिन्यातून एकदा, मधल्या तीन महिन्यांतून एकदा, नट-वॉशरसारख्या वर्षातून एकदा. मोजणाऱ्याला सिस्टीमचा आकडा आधी सांगू नये. सांगितला की तोच मोजून येतो. फरक निघाला तर त्याच दिवशी मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या काढून कारण शोधावं, आणि ते सापडल्यावरच आकडा दुरुस्त करावा.

आता पैशाच्या बाजूला येऊ. १००० किलो पत्रा ६८ रुपयांनी मागवला. बिल १००० किलोचं आलं. आपल्या काट्यावर भरला ९७२. खरेदीची ऑर्डर, गेटवरची आवक आणि पुरवठादाराचं बिल या तिन्ही गोष्टी सिस्टीममध्ये एकमेकींना जोडलेल्या असतील तर बिल तिथेच अडतं. नसतील तर २८ किलोचे १,९०४ रुपये, वर जीएसटी, निमूटपणे जातात. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आवक काट्याच्या वजनावर करायची, बिलावरच्या नाही, एवढी शिस्त लागते. बिल बघून आवक केली तर तिन्ही कागद एकमेकांच्या नकला होतात आणि जुळणीला अर्थ उरत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आपल्या सिस्टीमचं दार सरकारच्या सिस्टीमला जोडलं गेलं. लहान धंद्यातल्या नोंदींना शिस्त लावण्यात याचा वाटा मोठा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. बिल सरकारी पोर्टलवर जातं, तिथून ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. चूक झाली तर २४ तासांत तिथे रद्द करता येतं, त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढावी लागते. म्हणून 'आधी गाडी जाऊ दे, बिल मग बघू' ही सवय आता महाग पडते.

दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतो. पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली, ते त्यात असतं. आपल्या वहीत असलेलं पण त्यात नसलेलं बिल म्हणजे अडकलेलं क्रेडिट, खरेदीवर दिलेल्या कराची न मिळालेली वजावट. कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. पुरवठादाराने उशिरा भरलं, आपला १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक एका अक्षराने चुकवला, किंवा बिल क्रमांक त्याच्याकडे '०४५' आणि आपल्याकडे नुसता '४५'. जुळणी १४ ते २० तारखेच्या मधल्या दिवसांत करावी, कारण मासिक विवरण भरणाऱ्याला २० ची मुदत असते. उरलेल्या बिलांची यादी त्याच आठवड्यात पुरवठादाराला पाठवावी.

आपले ब्रॅकेट पावडर कोटिंगला बाहेर गेले होते, आठवतं? जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, गेलेला माल आपलाच असतो, म्हणून सिस्टीममध्ये जॉबवर्कवाल्याच्या नावाने वेगळं गोदाम उघडावं आणि माल तिथे हलवावा. चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदावर, ४५४ गेले, परत ४४६ आले, तर ८ त्याच्या नावावर दिसत राहतात. हे केलं नाही तर महिन्याकाठी पाच-दहा नगांची गळती कुणालाच दिसत नाही. शिवाय जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर पाठवल्या दिवसापासून तो विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. चलनांना वय दाखवणारा अहवाल नऊ महिन्यांवर लाल होईल, असा लावून ठेवावा.

अधिकारांची वाटणी दोन वाक्यांत सांगतो. नवा पुरवठादार नोंदवणारा आणि पैसे सोडणारा एकच माणूस नसावा, आणि 'आमचं बँक खातं बदललंय' अशी मेल आली की मेलमधल्या नंबरवर फोन न करता आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करावा. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती बंद करता येऊ नये, असाही नियम आहे. एकच पासवर्ड चौघे वापरत असतील तर ही नोंद असून नसल्यासारखी.

नवी सिस्टीम सुरू करण्याचा दिवस कोणता, हा प्रश्न बहुतेक जण 'एक एप्रिल' म्हणून सोडवतात. हिशेबासाठी ते सोयीचं आहे. स्टोअरसाठी मात्र तो वर्षातला वाईट दिवस, कारण ३१ मार्चला प्रत्येक जण माल बाहेर काढण्याच्या मागे असतो. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये मूळ चार वर्षांचं काम अडीच वर्षांत आवळलं आणि नवी सिस्टीम जुलैत, हॅलोवीन या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या मागणीच्या तोंडावर चालू केली. गोदामात माल होता, पण १० कोटी डॉलरच्या वरच्या ऑर्डरी वेळेवर पोचू शकल्या नाहीत. आपल्या आकाराच्या कारखान्याने स्टोअर आणि आवक-जावक आधी, एखाद्या शांत महिन्याच्या एक तारखेला सुरू करावी. आदल्या दिवशी माल हलवणं पूर्ण थांबवून मोजणी करावी. त्याआधी पंधरा दिवस खऱ्या ऑर्डरी चाचणीच्या प्रतीत चालवून पाहाव्या, त्यातही परत आलेला माल, अर्धीच आलेली गाडी, रद्द झालेलं बिल असे वाकडे व्यवहार मुद्दाम घ्यावे. सरळ व्यवहार कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतात.

बॅकअपबद्दल विचारलं की सगळे 'रोज होतो' म्हणतात. तो त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर होत असेल तर खंडणीचा व्हायरस दोन्ही एकदमच कुलूपबंद करतो. एक प्रत नेटवर्कच्या बाहेर, एक कारखान्याबाहेर ठेवावी. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून, कालच्या तारखेचा बुशांचा साठा तिथे किती दिसतो, ते रॅकवर जाऊन मोजून पाहावं.