आधी तोड कुणाची?

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी ऊस आहे? एवढे हात वर आले, म्हणजे माझं निम्मं काम झालं.

ऊस घालणाऱ्या घरात पाळीपत्रक कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लागणीची तारीख नोंदवायची आणि त्या क्रमानं तोड यायची. पण मधेच कुणाचा फड पेटला की टोळी तिकडं वळते, कारण जळक्या उसाचं वजन दिवसागणिक उतरतं. आमचे आबा चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी आणणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, अडवायचे, "आमचा नंबर सातवा होता की रं?" तो म्हणायचा, "सातवाच हाय आबा, पण आधी जळीत." दोघंही खरं बोलत होते. यादी एकच, ती वाचायच्या रीती दोन. आज मला एवढंच सांगायचंय, फक्त उसाऐवजी फायरवॉलबद्दल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याबद्दल.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेटवर्क फायरवॉल ही सेवा २०२० च्या नोव्हेंबरात आली. तिच्यात दोन इंजिनं आहेत. पहिलं स्टेटलेस. ते प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा, सुटं बघतं, लहान प्रायॉरिटीचा नियम आधी लावतं, मागचंपुढचं काही लक्षात ठेवत नाही. आम्ही त्याला बहुतेक वेळा एकच काम देतो, आलेलं सगळं दुसऱ्या इंजिनाकडं ढकल. दुसरं स्टेटफुल, म्हणजे आतून सुरिकाटा हे मुक्त सॉफ्टवेअर. ते अख्खं कनेक्शन ध्यानात ठेवतं. खरी गंमत तिथं आहे.

टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडची रचना कोडनं लिहायच्या साधनात, पॉलिसी (फायरवॉलची नियमावली) लिहिताना 'स्टेटफुल इंजिन ऑप्शन्स' नावाचा छोटा ब्लॉक असतो. त्यात 'रूल ऑर्डर' ही ओळ. ती लिहिली नाही तरी कोड चालतो, एरर येत नाही, आणि घात तिथंच होतो. ओळ नसली की 'डिफॉल्ट ॲक्शन ऑर्डर' लागू होते. मग तुम्ही नियम कोणत्या क्रमानं लिहिलेत याला किंमत नाही. आधी सगळे पास (जाऊ दे), मग ड्रॉप (गुपचूप टाकून दे), मग रिजेक्ट (सांगून नाकार), शेवटी अलर्ट (नुसती नोंद कर). जळीत आधी!

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. एका फौंड्रीचं काम होतं. माझ्या फाइलमध्ये वर ड्रॉपचे नियम होते, बाहेरच्या एफटीपीला (फाइल पाठवायची जुनी रीत) बंदी, टेलनेटला (दुसऱ्या मशिनवर शिरायची जुनी रीत) बंदी, अशी बरीच. सगळ्यात खाली एक पासचा नियम, 'बाकीचं जाऊ दे'. आपण वरून खाली वाचतो, तसंच मशिनही वाचेल असं धरून चाललो होतो. मशिननं खालचा पास पहिल्यांदा उचलला. तो सगळ्यालाच लागू पडत होता, त्यामुळं वरचे ड्रॉप नुसते शोभेला उरले. तीन आठवडे! एका पोरानं चुकून बाहेर एफटीपीनं फाइल पाठवली आणि ती गेली, तेव्हा आम्हाला कळलं. रिव्ह्यू दोघांनी केला होता, दोघांनीही वरूनच खाली वाचलं होतं.

उपाय म्हणजे 'स्ट्रिक्ट ऑर्डर'. यात रूल ग्रुपला, म्हणजे नियमांच्या गठ्ठ्याला, प्रायॉरिटीचे आकडे द्यायचे, लहान आकडा आधी, आणि ग्रुपच्या आत लिहिलेल्याच क्रमानं नियम लागतात. पाळीपत्रकाप्रमाणं. आकडे १००, २००, ३०० असे सुटसुटीत द्या, मधे कुणीतरी घुसणारच असतो.

पण चालत्या सिस्टीमवर ही ओळ बदलायला जाल तर टेराफॉर्मच्या प्लॅनमध्ये, म्हणजे काय बदलणार त्याच्या यादीत, 'रिप्लेस' दिसेल, जुनं पाडून नवं बांधणं. एकदा ठरलेला क्रम पॉलिसीत बदलता येत नाही आणि रूल ग्रुपमध्येही नाही. दोघांचा क्रम जुळावाही लागतो. जी पॉलिसी फायरवॉलला जोडलेली आहे ती पुसताही येत नाही. म्हणून नव्या नावानं नवे ग्रुप, नवी पॉलिसी, फायरवॉलला नवी पॉलिसी जोडायची, आणि मग जुनं काढायचं. टेराफॉर्मला 'क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय' सांगा. कपॅसिटीचंही, म्हणजे नियमांसाठी राखलेल्या जागेचंही, तसंच, रूल ग्रुप बनवताना दिलेला आकडा पुढं वाढत नाही. सढळ हातानं द्या.

आता स्ट्रिक्टमधला दुसरा खड्डा. कुठलाच नियम लागला नाही तर काय करायचं, हे इथं तुम्ही सांगायचं असतं. बहुतेक जण उत्साहात 'ड्रॉप स्ट्रिक्ट' लिहितात. नाव कसं, भारदस्त! आणि मग अमुक डोमेनला जाऊ द्या असा नियम असूनही काहीच जात नाही. का? टीसीपी ही कनेक्शन जोडायची रीत, तिचं पहिलं पॅकेट म्हणजे नुसतं दार वाजवणं. डोमेनचं नाव त्यात नसतंच, ते हँडशेक, म्हणजे दोन्ही बाजूंची सुरुवातीची जोडणी, झाल्यावर टीएलएसच्या (डेटा कुलूपबंद करायच्या रीतीच्या) पहिल्या निरोपात येतं. पाहुण्यानं नाव सांगायच्या आत तुम्ही दार लावलंत, तर यादीत त्याचं नाव असून काय उपयोग? 'ड्रॉप एस्टॅब्लिश्ड' हँडशेक होऊ देतं, आणि जोडल्या गेलेल्या कनेक्शनमधलं जे कुठल्या पासमध्ये बसत नाही ते टाकून देतं. नावावरून गाळायचं असेल तर हेच घ्या. ड्रॉप स्ट्रिक्ट हवंच असेल तर हँडशेकसाठी वेगळा नियम स्वतः लिहा.

'रूल ऑर्डर' असते त्याच ब्लॉकमध्ये 'स्ट्रीम एक्सेप्शन पॉलिसी' असते. समजा, रंकाळा स्टँडवरून सुटलेल्या केएमटीत अर्ध्या वाटेत कंडक्टर बदलला. तिकीट कुणी काढलंय हे नव्याला माहीत नाही. फायरवॉलचं तसं होतं, कनेक्शन मधूनच दिसायला लागतं. 'ड्रॉप' म्हणजे एक शब्द न बोलता उतरवणं. ॲप्लिकेशन बिचारं टाइमआउट होईपर्यंत वाट बघत राहतं. काही लिहिलं नाही तर हेच होतं. 'कंटिन्यू' म्हणजे मागचं माहीत नसताना पुढचे नियम लावत राहणं. 'रिजेक्ट' म्हणजे "उतरा, नवीन तिकीट काढा" असं तोंडावर सांगणं. टीसीपीत रीसेट जातो आणि समोरचा लगेच नवं कनेक्शन करतो. डेटाबेसची लांबलचक कनेक्शनं असतील तर मी रिजेक्टच घेतो.

होम नेटचं, म्हणजे फायरवॉल ज्यांना 'आपले' धरते त्या पत्त्यांचं, थोडक्यात सांगतो. सगळ्या व्हीपीसींची (क्लाउडवरच्या आपापल्या खासगी नेटवर्कांची) तपासणी एकाच मधल्या व्हीपीसीत करत असाल, तर होम नेट त्या मधल्याच पत्त्यांचं असतं. बाकीच्यांचे पत्ते आपण घालायचे, नाहीतर होम नेटवर बेतलेले नियम त्यांना लागत नाहीत आणि तुम्ही रात्रभर क्रम तपासत बसता.

फौंड्रीत आम्ही बदल करताना थेट ड्रॉप लावला नाही. शेवटची ॲक्शन नुसती 'अलर्ट एस्टॅब्लिश्ड' ठेवली आणि दोन आठवडे लॉग वाचले. क्लाउडवरचा एक सर्व्हर रोज रात्री अडीचला कुठल्याशा अनोळखी डोमेनकडं जायचा. आमच्यातल्या एकानं तर घुसखोरी म्हणून जाहीरही करून टाकलं. शोध घेतला तर ते वजनकाट्याचं सॉफ्टवेअर निघालं. विकणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, "लायसन तपासतंय ते. सात दिवस उत्तर मिळालं नाही तर बंद पडतं." म्हणजे आम्ही थेट ड्रॉप लावला असता, तर आठव्या दिवशी गेटवर भंगाराच्या ट्रकांची रांग, आणि तोवर फायरवॉलला कुणी हात लावला होता हे कुणाला आठवलंही नसतं. आमच्या कोडमध्ये त्या डोमेनचा पास आजही आहे. त्यावर शेरा मराठीत आहे: 'काटा. काढू नये.'