क्रिएटिनीन नॉर्मल आलं, पण पुढे?

श्रोतेहो, नमस्कार.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये हल्ली रविवारी सकाळी तपासणी शिबिरं भरतात. क्लब हाऊसमध्ये टेबलं मांडतात, रक्त द्यायला रांग लागते आणि एक-दोन दिवसांत मोबाइलवर रिपोर्ट येतो. तो उघडला की आपण बघतो काय, तर कुठला आकडा ठळक छापलाय का. क्रिएटिनीनचा आकडा साधाच असला की ‘किडनी उत्तम’ म्हणून रिपोर्ट बंद! आज मला बोलायचंय ते याच समाधानाबद्दल, कारण ते फसवं असू शकतं.

क्रिएटिनीन हा आपल्या स्नायूंत रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. रक्तातून तो किडनीकडे जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. किडनीचं काम मंदावलं की तो रक्तात साठू लागतो. पण मुळात तो तयार किती होणार, हे ज्याच्या-त्याच्या स्नायूंवर ठरतं. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोणी उचलणारा ३० वर्षांचा माथाडी कामगार घ्या आणि नौपाड्यातल्या ७० वर्षांच्या एक आजी घ्या. समजा, दोघांचंही क्रिएटिनीन १.१ आलं. अनेक लॅबच्या छापील मर्यादेत हा आकडा बसतो. आता त्यात वय आणि स्त्री की पुरुष हे धरून ईजीएफआर काढू. किडन्या दर मिनिटाला साधारण किती मिलिलिटर गाळतात, त्याचा हा अंदाज. त्या तरुणाचा येतो ९२च्या आसपास. आजींचा येतो ५४. रक्तातलं क्रिएटिनीन तेच, आणि किडनीच्या कामात एवढी तफावत! ईजीएफआर तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. १५च्या खाली गेला की डायलिसिस आणि प्रत्यारोपणाची बोलणी सुरू होतात.

म्हणून रिपोर्टात ईजीएफआर छापलेला नसेल तर तो काढून मागा. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही, नुसतं गणित असतं. अर्थात तोही अंदाजच. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल, किंवा जिमला जाणारा मुलगा क्रिएटिनची पावडर घेत असेल, तर क्रिएटिनीन उगाच वाढलेलं दिसू शकतं. हे डॉक्टरांना आधीच सांगा. रिपोर्टातल्या युरिया या दुसऱ्या टाकाऊ पदार्थाचा आकडा तर पाणी कमी प्यायल्यानेही वर जातो, त्यामुळे एकट्या युरियावरून घाबरू नका.

आता ज्या तपासणीसाठी मी आज खास आलो आहे, ती लघवीची. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन निरोगी किडनी सहसा बाहेर जाऊ देत नाही. मधुमेहाने किंवा वाढलेल्या बीपीने तिची गाळणी सैल पडली की ते लघवीत झिरपू लागतं, आणि पुष्कळदा क्रिएटिनीन वाढायच्या कितीतरी आधी. तेव्हा पायावर सूज नसते, लघवीला फेस नसतो, दुखत तर काहीच नाही. म्हणूनच ही तपासणी इतकी मोलाची. तिचं नाव लक्षात ठेवा : लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाण. ३०च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे किडनी तक्रार करू लागली आहे. ३००च्या वर गेलं तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा दिलेला बरा. ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी येऊरचा डोंगर चढून आला असाल, तर थोडे दिवस थांबा; अशा वेळी आकडा खोटा वाढतो. आणि एकदा वाढलेला आला म्हणून शिक्का मारून घेऊ नका. साधारण तीन महिन्यांच्या काळात पुन्हा तपासून खात्री करतात. या टप्प्यावर कळलं तर शुगर आणि बीपी आवाक्यात ठेवून, योग्य गोळ्या देऊन किडनीची झीज खूप मंद करता येते. मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते हेच, की ही संधी खरी आहे आणि ती एका छोट्या बाटलीमुळे मिळते.

सोनोग्राफीत किडनीचा आकार, खडा, अडथळा दिसतो. ती कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

एक विनंती माथाडी बांधवांना आणि वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांना. गुडघा-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल, तर त्या गोळ्यांचं पाकीट तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या अंगाला त्या जास्तच बाधतात.

ज्यांना मधुमेह किंवा बीपी आहे, त्यांनी ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी करायच्या. शिबिराच्या पॅकेजात पुष्कळदा दुसरी नसते. नाव नोंदवतानाच टेबलावरच्या माणसाला विचारा, आणि नसेल तर तेवढी एक वेगळी लिहून घ्या. नमस्कार.