आखाड्यावरची राजदूत पुन्हा रस्त्यावर आणताना

(परभणीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, राजदूत मोटरसायकल कुठं उभी असते हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडब्याच्या आडोशाला, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकून. कधीकाळी हीच गाडी दुधाचे कॅन घेऊन पहाटे शहरात यायची, गुरुजींना शाळेत न्यायची, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, उभी असायची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ च्या सुमारास ती बनवायला घेतली. मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचा. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि तीन गिअर. चिखल, धोंडे, ओझं, सगळं तिनं सोसलं.

आज कुणी घरची जुनी राजदूत काढली की पहिला प्रश्न विचारतो, रंग कोणता द्यायचा? माझं म्हणणं असं की रंग सगळ्यात शेवटी, आणि जुना रंग टिकण्यासारखा असेल तर देऊच नका. आजोबांनी टाकीवर पेंटरकडून नाव लिहून घेतलेलं असतं. ते एकदा घासून काढलं की परत येत नाही.

आपल्या कोरड्या हवेचा एक मोठा फायदा आहे. कोकणात पत्र्याची चाळणी होते, आपल्याकडं चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बहुतेक वेळा शाबूत सापडते. पण गाडी गोठ्यात असेल तर जनावरांचं मूत आणि शेजारी रचलेली युरियाची पोती लोखंड खातात. मडगार्डच्या आत काळ्या मातीचा थर बसलेला असतो, तो पावसाळ्यात ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून सडतो. म्हणून आधी लाकडी पट्टीनं ती माती खरवडा. सायलेन्सरमध्ये आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलंय का, तेही बघा. उन्हानं रबर मात्र हमखास गेलेलं असतं: टायर, पेट्रोलची नळी, केबलचं आवरण. त्यात काटकसर करू नका, सगळं नवीन घाला.

आता इंजिन. गाडी मिळाल्या मिळाल्या किक मारायचा मोह होतो. कृपा करून मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरला ओरखडे पाडतो. ठिणगी पाडणारा प्लग काढा, त्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल एकत्र करून सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढं-मागं हलवा. पिस्टन सुटला की हाताला कळतं.

सुटला म्हणून लगेच चालू करायचं नाही. इथं टू-स्ट्रोकची रचना समजून घ्यायला हवी. फोर-स्ट्रोकमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांत, इंजिनचं ऑइल खाली साठवलेलं असतं. यात ते पेट्रोलमध्येच मिसळतो. पेट्रोल, हवा आणि ऑइल आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या बंद डब्यात, शिरतं, बेअरिंगला वंगण देतं, आणि पिस्टन खाली येताना दाबानं पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा पंपच झाला, आणि पंप हवाबंद लागतो. क्रँकच्या, म्हणजे त्यातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षं पडून ते कडक होतात. मग बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन आपोआप रेस घेतं, तापतं आणि पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबता थांबत नाही. सील अगदी स्वस्त मिळतात, खर्च असतो तो इंजिन उघडण्याचा. तरीही उघडा. सील न बदलता चालवलेली गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा गोठ्यात जाते.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. काढलेला मूळ भाग टाकून देऊ नका. सिलिंडर घासला असेल तर लेथवर बोअर करून, म्हणजे आतून जरा रुंद कोरून, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो. मूळ सिलिंडर तसाच वाचतो.

हे काम जाणणारे मिस्त्री अजून आहेत. परभणी, नांदेड, जालना, कुठल्याही मोंढ्याच्या आसपास विचारा. पॉइंट म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच. त्याची साधारण ०.४ मिलिमीटरची गॅप ते फीलर गेज, म्हणजे मोजायची पट्टी, न लावता बरोबर ठेवतात, आवाजावरून बेअरिंग ओळखतात. नव्या पोरांना फक्त फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या येतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण या म्हाताऱ्या हातांजवळ कुणी बसलं नाही तर हे ज्ञान जाईल, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. गाडी त्यांच्याकडं सोडून येऊ नका, शेजारी स्टूल घेऊन बसा.

टाकीच्या आतला गंज लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यानं निघतो. रात्रभर ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात वाळवून आतून ऑइल फिरवा. शेवटचं पाणी बोअरचं नको, त्यात क्षार असतात. ब्रेकचे जुने शू फुंकून साफ करू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

पेट्रोलचं एक सांगतो. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहे, पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन किंवा रॅलीसाठी असते. त्यामुळं जुनं आरसी बुक शोधा, कपाटातल्या ट्रंकेतही बघा.

शेवटी चाचणी. पेट्रोलमध्ये लिटरमागं साधारण ४० मिलिलिटर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल घाला. सकाळी, ऊन चढायच्या आत, घराजवळच फिरवा. थोडं अंतर गेलं की थांबा, प्लग काढून त्याचं तोंड बघा. तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढराफटक दिसला तर हवा जास्त जातेय, तिथून पुढं एक मीटरही चालवू नका, गाडी ढकलत घरी आणा आणि सील पुन्हा तपासा.