तीन तारा, तेरा घोड्या आणि गाण्याची पट्टी

(दृश्य: शामिसेन या तीन तारांच्या जपानी वाद्याच्या दांडीचं वरचं टोक, अगदी जवळून. सर्वांत जाड तार छेडली जाते.)

ही झणझण तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला लगेच ओळखू येईल. आपली जवारी घोडीवर असते. शामिसेनची 'सावारी' असते दुसऱ्या टोकाला. तिथे बाकीच्या दोन तारा धातूच्या पट्टीवर टेकतात. जाड तार मात्र टेकत नाही, लाकडाला जेमतेम घासते. तिच्याशी जुळणारा स्वर दुसऱ्या तारेवर वाजला, तरी ती आपणहून झणझणते.

म्हणजे वाद्य एका पट्टीत लावलं की त्या पट्टीत ते बोलतं. पॉप गाण्याची पट्टी मात्र गायकाच्या गळ्यावरून ठरते. अशा गाण्यात जपानी वाद्यं घ्यायची असतील, तर पट्टी ठरवण्याआधी वाद्यांना विचारावं.

(दृश्य: तालीम. गिटार, बास, ड्रम्स. समोर कोतो हे जपानी तंतुवाद्य आणि शाकुहाची ही जपानी बासरी.)

शाकुहाचीची नेहमीची लांबी 1.8 शाकु (लांबीचं जपानी माप), म्हणजे सुमारे 54.5 सेंटीमीटर. भोकं पाच. सगळी बंद ठेवली की पांढरी दोन, म्हणजे पेटीवरचा D, वाजते. तिला षड्ज धरून एकेक भोक उघडत गेलं की कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद: थेट धानी रागाचे स्वर. मधले स्वर हनुवटी खाली घेऊन काढतात, त्याला 'मेरी' म्हणतात. ते मुळातच दबके असतात. ध्रुवपदातला लांब स्वर नेमका मेरीवर आला, तर तो ड्रम्सखाली बुडतो. आवाज वाढवावा तर फुंकच मोठी ऐकू येते. अशा वेळी चाल बदलू नये, बासरी बदलावी. 1.6 शाकुची बासरी पांढरी तीनला लागते.

1986 च्या 'स्लेजहॅमर' या पीटर गॅब्रिएलच्या गाण्याची सुरुवात शाकुहाचीने होते. ती इम्युलेटर टू या सॅम्पलरमधून, म्हणजे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणाऱ्या यंत्रातून, आली आहे. तिथे काही क्षणांपुरती ती शोभते. पण तोच नमुना गाणंभर वापरला की प्रत्येक स्वराला तोच उसासा, आणि कान विटतो.

(दृश्य: कोतो. डावा हात घोडीच्या पलीकडे तार दाबतो.)

कोतोला तेरा तारा, प्रत्येकीखाली सरकती घोडी. 'हिराजोशी' या नेहमीच्या जुळणीत पांढरी दोन हा षड्ज मानला, तर कोमल रिषभ, मध्यम, पंचम, कोमल धैवत मिळतात. गुणकली रागच म्हणा ना! पाश्चात्त्य हिशेबाने हे स्वर पांढरी पाचच्या मायनरमध्ये चपखल बसतात. अडतं ते पांढरी दोनच्या मेजर कॉर्डवर, कारण त्याला काळी तीन लागते आणि ती कोतोवर नाही. काळी दोनची तार दाबून पांढरी चार सहज मिळते. आणखी अर्धा स्वर चढवायला बोटांचा जीव जातो, आणि जोर तिरपा पडला तर घोडीच आडवी होते. सोपा उपाय: त्या कॉर्डमधून काळी तीन काढून टाकावी, गिटारने फक्त पांढरी दोन आणि पांढरी सहा वाजवावी.

आता मिक्सिंग. शामिसेनचा बाची, म्हणजे मोठी नखी, तारेबरोबर कातड्यावरही आदळतो. प्रत्येक स्वराला एक टपोरा ठोका असतो. तो स्नेअर ड्रमच्या ठोक्यापासून किंचित सरकला की ताल दुहेरी, घसरल्यासारखा वाटतो. मोठा आवाज दाबणाऱ्या कंप्रेसरचा अटॅक, म्हणजे दाब पूर्ण बसायला लागणारा वेळ, 20-30 मिलिसेकंद ठेवावा, म्हणजे ठोका चिरडत नाही. गिटारला 2 ते 3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली आणावं. शामिसेनचा स्वर लवकर विरतो. त्या रिकाम्या जागेत गिटारने तार लांबवली तर चालेल, पण दोघांनी एकच तुकडा वाजवू नये.

(दृश्य: रंगमंचाच्या कडेला दुसरा कोतो.)

शेवटचं ध्रुवपद अर्धा स्वर वर चढवायची पॉपची जुनी खोड आहे. चालू गाण्यात तेरा घोड्या सरकवणं अशक्य, म्हणून अर्ध्या स्वराने वर लावलेला दुसरा कोतो आधीच तयार ठेवतात. शाकुहाचीवाला 1.7 शाकुची बासरी उचलतो. शामिसेनला पडदे नाहीत, बोटं सरकवली की नवी पट्टी मिळते. पण जाड तार जुन्याच सुरात राहते आणि सावारी मुकी होते. नागाउता, म्हणजे शामिसेनच्या साथीचा पारंपरिक गायनप्रकार, वाजवणारे चालू रचनेतच खुंटी पिळून तार बदलतात. तेच इथे करायचं, तर संगीत संयोजकाने ध्रुवपदाआधी ड्रम्सचे दोन बार मोकळे सोडावेत.

(दृश्य: ड्रम्सचा तुकडा. खुंटी फिरते. तार झणझणते.)